तोंड तपासायचं निळ्या लाइटचं यंत्र : यंत्र बरं, कव्हर महाग

परवा कंपनीनं कव्हरचं नवं दरपत्रक पाठवलं, म्हणून लिहायला बसलो. यंत्राच्या टोकाला लावायचं, एकदा वापरून फेकायचं ते प्लास्टिकचं कव्हर. एका कव्हरच्या पैशात आमच्या तालुक्यातला माणूस दिवसभराचा खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) खातो. बाहेरचं बसत नाही, खाचच तशी ठेवलीय. निर्जंतुक करून पुन्हा वापरू का विचारलं, तर सर्व्हिसवाला म्हणे वॉरंटी जाईल. अरे, माझी तपासणी फी किती, तुझं कव्हर केवढ्याचं!

बॅटरी, वजन, सगळं ठीक. तत्त्व दंतवैद्यांना माहीतच आहे : ४०० ते ४६० नॅनोमीटरचा निळा उजेड, फिल्टरमधून निरोगी भाग हिरवा चमकतो, कॅन्सरच्या संशयाची जागा काळी पडते.

सुरुवातीला मी वैतागलो होतो. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात काय काळं दिसत नाही? चुन्यानं पोळलेलं काळं, दाढेखाली चावलं गेलेलं काळं, सुजलेली हिरडीही काळीच. सूज आली की तिथे रक्त वाढतं आणि रक्त हा उजेड शोषून घेतं. मग तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या पाठीनं ती जागा दाबून बघायला लागलो. हिरवं परत आलं तर बहुतेक सूज, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं. दाबूनही काळंच राहिलं तर बायोप्सीला, म्हणजे तुकडा काढून तपासायला पाठवायचं. पांढऱ्या चट्ट्याचं मात्र उलटं होऊ शकतं. वरचा थर जाड झालेला असला की तो चमकतो, म्हणून हिरवं दिसलं तरी सोडून देता येत नाही. आणि सुपारीनं ज्यांचं तोंड आखडलंय, दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत हा उजेड पोचतच नाही. जोखीम नेमकी त्यांनाच जास्त.

शिवाय ही चमक अंधारातच नीट दिसते. तपासणी शिबिरात अंधार कुठून आणायचा? मे महिन्यात, भर दुपारी, ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये काळं कापड डोक्यावर घेऊन मी आणि पेशंट दोघं घामानं ओले.

आता आधी साधा टॉर्च. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या नजरेनं तोंडं तपासली होती. २००५ मध्ये निकाल आला : तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांश घटले. कव्हरशिवाय! टॉर्चमध्ये काही खटकलं तरच यंत्र काढतो. कव्हरही कमी लागतात.

एवढं असूनही विकून टाकत नाही, त्याचं कारण यंत्रावरचा मोबाइलचा स्टँड, दिसतंय ते फोनच्या स्क्रीनवर दाखवता येतं. एक ट्रॅक्टरवाला, गालात लाल-पांढरा चट्टा. नागपूरला जा म्हटलं की सोयाबीन निघू द्या, मग कापूस वेचू द्या. त्याला स्क्रीनवर त्याचाच गाल दाखवला. सगळा हिरवा, मधे काळा डाग. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, हे काऊन काळं दिसून रायलं?" त्याच आठवड्यात गेला. बायोप्सीत डिस्प्लेशिया निघाला, म्हणजे पेशी बिघडायला लागलेल्या, पण कॅन्सर अजून झालेला नव्हता. तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवायलाही तिथल्या डॉक्टरांना तो फोटो कामी आला.

खर्रा मात्र त्याचा सुटलेला नाही. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटणं काही थांबत नाही.

घेणार असाल तर कव्हरचा दर निदान दोन वर्षांसाठी कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि वणी-पांढरकवड्याकडचं कुणी हे यंत्र वापरत असेल तर कळवा. कव्हरचं मोठं खोकं एकदम मागवलं तर सूट देतो म्हणतात, वाटून घेऊ.