फीडबॅक व्होटिंग बोर्ड वर्षभर वापरून बघितला, विकत घ्यायच्या आधी हे वाचा

टूलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या प्रकारातली सगळी टूल्स साधारण एकाच साच्यातली आहेत. कस्टमरने आयडिया टाकायची, बाकीच्यांनी बाण दाबून व्होट द्यायचा, सगळ्यात जास्त व्होटवाली वर, आणि आपण बाजूला 'प्लॅन्ड', 'इन प्रोग्रेस', 'कम्प्लीट' अशी लेबलं चिकटवत बसायचं. आमची टीम आठ जणांची, दूध संकलन केंद्रांसाठी ॲप करतो. म्हणजे काट्यावरून लिटर, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दर, पावती, आणि दर दहा दिवसांनी बिल (गावात त्याला पगारच म्हणतात).

आधी चांगलं सांगतो. सेटअप अर्ध्या दिवसात झाला. चेंजलॉग (काय काय नवीन केलं त्याची यादी) मस्त आहे, एखादी गोष्ट झाली की ज्यांनी ज्यांनी व्होट दिलेला त्यांना आपोआप मेसेज जातो, त्याने लोक खरंच खूश होतात, एका डेअरीच्या साहेबांनी तर फोन करून थँक्यू म्हटलं. आणि मीटिंगमध्ये 'मला वाटतं कस्टमरला हे पाहिजे' हे बोलणं बरंच कमी झालं.

आता खरी गंमत. तीन महिन्यांत बोर्डावर एक नंबरला काय आलं तर डार्क मोड! दोन नंबरला एक्सेलमधले रंगीत रिपोर्ट. आम्ही पण बावळटासारखे डार्क मोड करायला घेतला, तीन आठवडे गेले. नंतर बसून व्होट कोणाचे आहेत ते बघितलं तर जवळजवळ सगळे डेअरीच्या ऑफिसातले, एसीत बसून लॅपटॉपवर काम करणारे. केंद्रावरचा माणूस पहाटे साडेपाचला शटर उघडतो, समोर किटल्या आणि कॅन घेऊन पंचवीस जण उभे, तो कुठून लॉगिन करून बाण दाबणार? त्याला काही खटकलं तर तो सपोर्टला फोन करतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकतो, नाहीतर सरळ वहीत लिहायला लागतो आणि आपल्याला कळतच नाही.

आणि बोर्डाच्या पार तळाशी तीन व्होटवर काय पडलेलं? लाइट जाऊन आली की संध्याकाळचं दूध सकाळच्या पाळीत पडतं, हे. म्हणजे शेतकऱ्याच्या पावतीवर एकाच सकाळी दोनदा दूध, मग दहा दिवसांनी पगाराला भांडण, आणि शिव्या केंद्रवाल्याला. हे आम्हाला टूलने नाही सांगितलं, सपोर्टला बसणाऱ्या आमच्या ताईच्या डायरीने सांगितलं. ती प्रत्येक फोनला गावाचं नाव, वेळ आणि 'काय अडलं' एवढंच लिहिते. पाळीच्या गोंधळाचे फोन जवळपास नव्वद केंद्रांवरून आलेले निघाले.

दुसरा त्रास मराठीचा. डुप्लिकेट ओळखायची सोय इंग्रजीत बरी चालते, पण आपल्याकडे एकजण 'पावती' लिहितो, दुसरा 'स्लिप', तिसरा 'चिठ्ठी', चौथा तेच इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. एकाच तक्रारीचे सात तुकडे सात ठिकाणी, प्रत्येकाला दोन-दोन व्होट, मग ती वर येणार कधी? हाताने मर्ज करत बसलो.

सोबत शून्य ते दहावाला पॉपअप पण मिळतो, 'तुम्ही आमची शिफारस कराल का' टाइप. हिशोबात नऊ-दहा म्हणजे खूश, सात-आठ मधले, सहा आणि खाली नाराज. आमच्याकडे तो पॉपअप सकाळी संकलन चालू असताना यायचा, लोक जे बोटाखाली येईल ते दाबून मोकळे. त्या आकड्यावर आम्ही एक अख्खी तिमाही प्रेझेंटेशन केली, आता आठवलं तरी हसू येतं.

सध्या आम्ही गूगल शीटवर आलोय, राइस (RICE) पद्धत, म्हणजे प्रत्येक कामाला गुण देऊन आधी काय करायचं ते ठरवायचं. किती जणांना लागू, गुणिले किती फरक पडेल (३, २, १, ०.५, ०.२५ यापैकी एक), गुणिले खात्री किती, भागिले मेहनत. डार्क मोड: ६०० केंद्रं × ०.२५ × ५० टक्के, भागिले ३ आठवडे, आले २५. पाळीचा बग: ९० × ३ × ८० टक्के, भागिले १ आठवडा, आले २१६. हे आधी केलं असतं तर... जाऊ दे. पण या शीटला पण देव मानू नका, आमच्या साहेबांना एखादी गोष्ट आवडली की ते 'फरक' मध्ये ३ टाकतात आणि विषय संपतो. मला त्यातला खात्रीचा रकाना सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तिथे ८० लिहिलं की कोणीतरी विचारतंच, बाबा कशावरून? मग त्या केंद्रवाल्याला फोन लावावा लागतो. फोनवर 'तुम्हाला काय पाहिजे' नाही विचारायचं, 'काल संध्याकाळी काय काय झालं' ते विचारायचं, पहिल्या प्रश्नाला लोक आपलं मन राखायला काहीही सांगतात. आणि जे केंद्र वापरायचं थांबलंय त्याला आधी फोन, तक्रार करणारा निदान अजून आपल्याकडे आहे.

बाय द वे मायक्रोसॉफ्टने पण वर्षानुवर्षं असे व्होटिंग फोरम यूजरव्हॉइस नावाच्या बाहेरच्या टूलवर चालवले आणि २०२१ मध्ये तिथून काढता पाय घेतला, त्यांची कारणं वेगळी असतील, पण वाचून मला जरा बरं वाटलं.

पाचपैकी अडीच स्टार. तुमचे युजर दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, इंग्रजीत लिहिणारे असतील तर घ्या, पैसे वसूल होतील. पण किंमत युजरच्या संख्येवर आहे का ते आधी बघा, आमचं बिल तिसऱ्या महिन्यातच वाढलं. दुकानदार, शेतकरी, ड्रायव्हर असले युजर असतील तर नका घेऊ, त्या पैशात सपोर्टला अजून एक माणूस ठेवा. आमचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे, करणार नाहीये. चेंजलॉगची तेवढी आठवण येईल.