पानगळीच्या नावाखाली गळ्यात मारलेला सुरू

गुहागरला आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक तुकडा आहे. आषाढ लागला की दसऱ्यापर्यंत तिथलं घोटाभर पाणी हलत नाही. सुपारी लावून पाहिली, मुळं कुजली.

गेल्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर एका रोपवाल्याने फोटो धाडला. पाण्यात उभं झाड, विटकरी रंगाचं. ‘बाल्ड सायप्रस. सूचिपर्णी, पण पानं गाळतं. दलदलीतही वाढतं.’ शोधून पाहिलं तर सगळं खरं. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीतलंच झाड ते. तिथेच मी फसलो. झाड खरं निघालं म्हणून माणूसही खरा धरला. सहा रोपं, नगाला 900 रुपये, पैसे आधी. बिल मागितलं तर म्हणे, “घरचीच नर्सरी आहे, दादा.”

पहिल्या पावसात रोपं लावली. श्रावणात पिवळी पडली. फोन केला तर पठ्ठ्या हसून म्हणाला, “पानगळीचं झाड आहे, सांगितलं होतं ना?” आणि मला पटलंसुद्धा! ते झाड पानं गाळतं थंडीच्या तोंडावर, भर श्रावणात नव्हे, एवढंही सुचलं नाही. पालवीची वाट बघत होळीपर्यंत सहा काटक्यांना जपलं.

शेवटी शेजारचे तात्या आले. आळ्यात पडलेली एक वाळकी सुई उचलून त्यांनी दोन्ही टोकांनी ओढली. ती पेरावर टचकन सुटली. “अरे, हा तर सुरू! किनाऱ्यावरच्या रेतीतलं झाड चिखलात कशाला लावलंस?”

सुरू सूचिपर्णी नाहीच, ते फुलं येणारं झाड. सुई वाटते ती हिरवी काडी. खरी पानं म्हणजे पेरापेरावरचे बारीक दाते. मुळाशी पाणी साचून राहिलं की ते टिकत नाही. बाल्ड सायप्रसचं पान मऊ, चपटं, काडीच्या दोन्ही बाजूंना पिसासारखं, आणि गळताना बारीक काडीसकट गळतं. चीनचं डॉन रेडवूड तसंच दिसतं, पण त्याची पानं समोरासमोर, याची एकाआड एक. रोप हातात घेऊन एवढं बघा, मगच पैसे सोडा.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. परवा बहिणीच्या फोनवरून विचारलं. तोच फोटो आला. भाव आता 1200.

त्या तुकड्यात यंदा समुद्रफळ लावणार आहे. तात्यांच्या व्हाळाकाठी उभं आहे, बी फुकट.