चार्ल्सटन की सव्हाना: आई-बाबांना घेऊन कुठे जावं?

भारतातून आई-बाबा आले की आमच्या अटलांटाच्या गोतावळ्यात हा प्रश्न हमखास निघतो. नायगारा झाला, डिस्ने झालं, आता एखादं जुनं गाव दाखवायचंय आणि हाताशी तीन दिवस आहेत. चार्ल्सटन की सव्हाना? सव्हाना चार तासांवर, चार्ल्सटन पाच, आणि दोघांत अंतर दोन तासांचं. म्हणजे एका फेरीत दोन्ही उरकता येतात. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन 'उरकणं' म्हणजे काय असतं, ते आम्ही करून बघितलंय.

आधी चार्ल्सटन, कारण कागदावर तेच जिंकतं. गाव १६७०चं, सव्हानापेक्षा त्रेसष्ट वर्षांनी थोरलं. जुनी वस्ती राखण्यासाठी कायदा करणारं अमेरिकेतलं पहिलं गावही हेच. मोटारी आल्या तशी जुनी घरं पाडून पेट्रोलपंप उभे राहायला लागले, आणि १९३१ मध्ये नगरपालिकेने त्याला चाप लावला. त्याच्या बऱ्याच आधीपासून सुझन प्रिंगल फ्रॉस्ट नावाच्या बाई घरांसाठी झगडत होत्या. व्यवसायाने त्या घरं-जमिनींच्या दलाल. कर्ज काढून पडीक घरं घेत, दुरुस्त करत. त्या घरांत भाड्याने राहणाऱ्या काळ्या कुटुंबांना मात्र बाहेर पडावं लागलं, हे गाईड शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही. आजही रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची तर नगरपालिकेची मंजुरी घ्यावी लागते.

माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं लक्ष भिंतींवर. पहिल्याच गल्लीत ते थबकले. "हे गोल काय रे, भिंतीतून बाहेर आलेलं?" १८८६च्या भूकंपानंतर घरांच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळ्या घालून आवळल्या, त्यांची ही बाहेरची टोकं. कुठे साधी चकती, कुठे चांदणी, कुठे सिंहाचं तोंड. बाबांनी एका चकतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "मनाचं समाधान आहे, पण वाईट नाही."

आईला नवल वाटलं दारांचं. इथली घरं रस्त्याला पाठ नव्हे, पण कूस करून उभी. रुंदीला एकच खोली आणि बाजूने लांबलचक ओसरी. रस्त्यावरचं दिमाखदार दार उघडलं की आपण घरात जात नाही, ओसरीवर जातो. "म्हणजे दाराला घर नाही आणि घराला दार नाही," असा आईचा निकाल.

इथवर सगळं छान. मग बाबांचा गुडघा बोलायला लागला.

ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला, म्हणजे जिथे बघण्यासारखी घरं सर्वांत दाट आहेत तिथे, बसायला जागा नाही. बाकं मुळीच नाहीत असं मी म्हणणार नाही. टोकाला व्हाइट पॉइंट गार्डन आहे, झाडं आहेत, सावली आहे. नदीकाठी १९९०चं वॉटरफ्रंट पार्क आहे, आणि ते उत्तमच आहे. पण या दोन टोकांच्या मधल्या गल्ल्यांत बाग दिसते ती लोखंडी फाटकाआडून. कारंजं ऐकू येतं, कॅमेलिया दिसतात, पण सगळं कुणाचं ना कुणाचं. शेवटी बाबा एका घरापुढच्या दगडावर टेकले. पूर्वी घोडागाडीत चढायला असे दगड घरापुढे ठेवत. दोन मिनिटांत ओसरीच्या दारातून एक बाई आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "काही मदत हवी आहे का?" अमेरिकेत राहणाऱ्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. बाबांनाही कळला. ते उठले, आणि हॉटेल येईपर्यंत गप्प होते.

त्या बाईंची चूक नव्हती. रोज शंभर माणसं आपल्या दारापुढे टेकायला लागली तर मीही तेच विचारेन. पण एवढ्या निगुतीने राखलेलं गाव हे राखलेल्या खासगी घरांचं गाव आहे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. आपण तिथे कायम रस्त्यावरच असतो.

दोन दिवसांनी सव्हानाला गेलो. १७३३ मध्ये जेम्स ऑगलथॉर्पने हे गाव आधी आखलं आणि मग वसवलं. प्रत्येक वॉर्डाच्या मधोमध मोकळा चौक, त्याच्या पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे तुकडे, उत्तर-दक्षिणेला चाळीस घरांच्या जागा. गाव वाढलं की शेजारी आणखी एक वॉर्ड जोडायचा, चौकासकट. सुरुवातीला असे चार चौक होते, पुढे चोवीस झाले, आज बावीस आहेत. हा चौक म्हणजे आपला सिग्नलचा चौक नव्हे. वाड्यात राहिलेल्यांना पटकन कळेल: वाड्याला मधला चौक असतो ना, तसा तो गावाला आहे. गाड्यांना त्याला वळसा घालून जावं लागतं, त्यामुळे त्या आपोआप हळू होतात.

नगरपालिकेच्या सोनेरी घुमटापासून फोर्सिथ पार्कपर्यंत बुल स्ट्रीट सरळ जातो. वाटेत पाच चौक: जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरी. प्रत्येकात ओकची सावली, वरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस, आणि बाकं. बाबा एका बाकावरून उठायचे, पुढच्या बाकापर्यंत चालायचे. चिपेवा चौकात आईने पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला. शेजारच्या बाकावर कुत्रा घेऊन बसलेले एक आजोबा होते, त्यांनाही एक दिली. कुणी कुणाला मदत हवी का विचारलं नाही. सबंध मैलभर आम्ही दोन तासांत गेलो आणि बाबांनी गुडघ्याचं नावही काढलं नाही.

ही मोकळी जागा गावाने काही डोळ्यांत तेल घालून जपली, असंही नाही. १९५४ मध्ये एलिस चौकातली जुनी मंडई पाडून तिथे वाहनतळ बांधला.   मंडई गेल्यावर डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली, तेव्हा १९५५ मध्ये सात बायका एकत्र आल्या आणि त्यांनी ते विकत घेतलं. पुढे त्यांच्या संस्थेने घर घ्यायचं, न पाडण्याच्या अटीवर विकायचं, आलेल्या पैशातून दुसरं घ्यायचं, अशी साखळी चालवली. वाहनतळही अखेर पाडला. गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१०मध्ये एलिस चौक पुन्हा उघडला. गेलेली मोकळी जागा परत मिळाल्याचं उदाहरण मला तरी दुसरं चटकन आठवत नाही.

चार्ल्सटनला इतिहास जास्त आहे, यात वाद नाही. जो रायली तिथे १९७५ पासून चाळीस वर्षं महापौर होते. एकाच माणसाची नजर इतकी वर्षं असली की गावात सुसूत्रता येते. गॅड्सडेन धक्क्यावर, जिथे गुलामांची जहाजं लागत, तिथे २०२३ मध्ये आफ्रिकी अमेरिकनांच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. इमारत खांबांवर उचलून धरलेली, खालची जमीन मोकळी. तुमच्याबरोबर कॉलेजातली मुलं असतील तर एवढ्यासाठी चार्ल्सटनला जा. सव्हानातही एका चौकाचं, गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या कॅल्हून या पुढाऱ्याचं नाव २०२२ मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये त्याला सूझी किंग टेलर यांचं नाव दिलं. त्या गुलामीत जन्मल्या आणि यादवी युद्धात काळ्या सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवत होत्या. पाटी छोटीशी आहे, बाकावर बसून वाचता येते.

सव्हानाची कटकट सांगायची तर रिव्हर स्ट्रीट. नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या उंच आणि ओबडधोबड, गुडघेवाल्यांनी लांबच राहावं. शिवाय तिथे प्लॅस्टिकच्या पेल्यातून दारू घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी आहे, त्यामुळे शनिवारी रात्री आई-बाबांना घेऊन फिरणं जरा अवघड होतं. आणि भुताच्या सहली! दर तिसरं घर पछाडलेलं.

एवढं करून चार्ल्सटन बघायचंच असेल तर मुक्काम सव्हानाला मॅडिसन चौकाच्या आसपास करा आणि एक दिवस सकाळी लवकर निघा. आधी भरतीची वेळ बघा, कारण मोठ्या भरतीला स्वच्छ उन्हातही तिथल्या सखल रस्त्यांवर पाणी येतं. आम्ही पुढच्या वर्षी असंच गेलो. या वेळी मी गाडीत घडीचं स्टूल टाकलं होतं. बाबांनी ते सबंध दिवस काखेत धरलं, उघडलं मात्र नाही. संध्याकाळी सव्हानाला परतल्यावर ते स्टूल बाकाला टेकवून ठेवलं आणि बाकावर बसले.