बरगडीचं सांगून नाकात सिलिकॉन घातलं

कोल्हापुरात किंवा कुठंही नाकाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आत नक्की काय घालणार हे लेखी घेतल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका.

माझ्या धाकट्या भावाची गाडी शिरोलीजवळ हायवेला घसरली, नाकाचं हाड मोडलं, आतला पडदा चेचला आणि नाक मधोमध खाली बसलं. राजारामपुरीतल्या एका क्लिनिकात (नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे) डॉक्टर म्हणाले पडद्याचं कार्टिलेज (कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) आता मिळणार नाही, कानाचं मऊ असतं आणि थोडंच निघतं, एवढा खड्डा भरायला बरगडीचंच लागणार. हे सगळं बरोबरच होतं आणि म्हणून तर विश्वास बसला. पैसेपण बरगडीचेच घेतले.

घरी आल्यावर आई अंग पुसायला गेली तर छातीवर एक टाका नाही! विचारलं तर म्हणे बँकेतलं कार्टिलेज वापरलंय, कापायची गरजच पडली नाही. दान केलेलं, रेडिएशन देऊन साठवलेलं बरगडीचं कार्टिलेज खरंच असतं, त्यामुळं थाप खपली. पुढं काही महिन्यांनी शेंडा लाल झाला, कातडी ताणून चकचकीत झाली आणि आतनं पांढरं दिसायला लागलं. दुसऱ्या सर्जननी काढलं तर सिलिकॉनचा तुकडा.

सिलिकॉन वाईटच असं नाही, नाकाच्या दांडीवर अनेक ठिकाणी वापरतात आणि टिकतंही. पण ते शरीरात एकजीव होत नाही, भोवती नुसती पिशवी धरते, आणि अपघातानं वण पडलेल्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या कातडीला त्याचा दाब सोसत नाही, मग ती पातळ होत जाते. स्वतःचं बरगडीचं कार्टिलेजपण कधी वाकतं, पण असं फाडून बाहेर सहसा येत नाही. पोराच्या चेहऱ्याशी खोटं बोलून पैसे घेतले, याचा संताप आहे.

संमतीपत्रावर कार्टिलेज कुठलं ते मराठीत लिहून घ्या. स्वतःच्या बरगडीचं असेल तर छातीला, कानाचं असेल तर कानाला कापल्याची खूण दिसलीच पाहिजे. इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबरचा स्टिकर असतो तो फाइलला लावून मागा, बँकेतलं म्हणाले तर त्याचंही लेबल मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणं केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात, अर्ज लेखी करा, पोच घ्या. आमच्या फाइलमध्ये ना स्टिकर ना लेबल, तीच फाइल घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. तिथं तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.