विशलिस्टचं ॲप : गिफ्ट देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांचीही सोय

काय गिफ्ट हवंय हे समोरच्याला थेट विचारायला आपल्याला फार अवघड वाटतं, आणि म्हणूनच हे विशलिस्टचं ॲप मला मनापासून आवडलंय. प्रत्येकाने आपल्याला हवं ते यादीत टाकायचं, लिंक घरच्यांना नि मित्रांना पाठवायची, ज्याला जे घ्यायचंय त्याने त्यावर टिक करायचं, आणि हे टिक बाकी सगळ्यांना दिसतं पण ज्याची यादी आहे त्याला नाही. त्यामुळे एकच वस्तू दोघांनी आणायचा घोळ होत नाही आणि कोण काय आणणार ही उत्सुकता पण राहते.

"मग सरप्राइज कुठे राहिलं?" असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. गॅलक, गिवी आणि विल्यम्स या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं की देणाऱ्याच्या डोळ्यासमोर गिफ्ट उघडतानाचा चेहरा असतो आणि घेणारा मात्र ती वस्तू पुढे किती दिवस वापरता येईल ते बघतो. आता वस्तू ज्याच्याकडे राहणार त्याचंच ऐकायला हवं ना!

माझ्या मते यादीची खरी गरज लांबच्या नात्यात आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये कॉलेजच्या मुलांना मिळालेल्या गिफ्ट्सबद्दल विचारलं, तर मुलांच्या लेखी त्यांची किंमत प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी भरली, आणि त्यातही मित्रमैत्रिणी किंवा पार्टनरच्या गिफ्ट्सपेक्षा मामा-काका, आजी-आजोबा यांच्या गिफ्ट्समध्ये हा फरक जास्त होता. प्रेम कमी असतं म्हणून नाही हो, रोजचा सहवास नसला की आवडीनिवडी कळणार कुठून? अशा मोठ्या माणसांना ही लिंक जरूर पाठवा.

सगळ्यात बेस्ट म्हणजे प्रत्येक वस्तूखालची नोट. साइज, रंग तर लिहाच, पण ती वस्तू का हवीय हेही लिहा, कारण ते वाचून देणारा कधीकधी यादीत नसलेलं पण अगदी नेमकं काहीतरी शोधून आणतो आणि असं गिफ्ट मिळालं की आपल्याला कोणीतरी नीट समजून घेतलंय असं वाटतं.

खटकलं ते एकच, पण चांगलंच खटकलं. यादी उघडली की महागडी वस्तू आपोआप सगळ्यात वर येते. फ्लिन आणि ॲडम्स यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं होतं की जितकं महाग तितकं जास्त आवडेल असं देणाऱ्यांना वाटतं, पण घेणाऱ्यांचं कौतुक किमतीवरून ठरत नाही. मग ॲपने देणाऱ्यावर उगाच दडपण का आणायचं? ज्याचं बजेट कमी आहे त्याला आपलं गिफ्ट शेवटच्या ओळीत बघून किती वाईट वाटत असेल. किमतीचा क्रम बंद करायची सोय द्या, आणि कोणती वस्तू आधी हवीय ते ज्याची यादी आहे त्याला ठरवू द्या. तोवर माझ्याकडून चार स्टार.