शिंगलच्या छपरासाठी जस्ती खिळे : नाशिकच्या बाजारातून घेतलेल्या तीन प्रकारांचा अनुभव

त्र्यंबक रस्त्यालगतच्या आमच्या शेतघराच्या ओसरीवर चार वर्षांपूर्वी डांबरी शिंगलचे, म्हणजे एकावर एक चढवून खिळ्यांनी ठोकायच्या डांबरी पट्ट्यांचे, छप्पर घातले होते. तिसरा पावसाळा सरला आणि पश्चिमेच्या उतारावरून शिंगल एकेक करून खाली सरकू लागले. शिंगल धड होते, खालचा प्लायही शाबूत होता. गेले होते ते खिळे. पकडीने ओढल्यावर डोके तेवढे निघून हातात येई आणि गंजून सुईसारखा झालेला दांडा लाकडातच राहत असे. हे खिळे आम्ही गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, म्हणूनच विकत घेतले होते. त्यामुळे यंदा छप्पर उतरवून पुन्हा घालायचे ठरल्यावर शिंगलच्या आधी खिळ्यांची चौकशी केली आणि शहरातील हार्डवेअरच्या दुकानांतून तीन प्रकारचे खिळे एकेक किलो आणून तपासले.

पहिला प्रकार चकचकीत, निळसर झाक असलेल्या गुळगुळीत खिळ्यांचा. यावर विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा दिलेला असतो आणि तो बहुधा काही मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. दुसरा प्रकार हॉट डिप खिळ्यांचा, म्हणजे सुमारे 450 अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्यांचा. हे दिसायला मळकट राखाडी आणि हाताला खरखरीत लागतात. अमेरिकी मानक एएसटीएम ए153 मध्ये खिळ्यांसाठी जस्ताचे प्रमाण सरासरी 305 ग्रॅम प्रति चौरस मीटर धरले आहे, म्हणजे साधारण 43 मायक्रॉनचा थर. तिसरा प्रकार आपल्याकडे पत्र्यासाठी सर्रास वापरतात तो छत्रीचा खिळा. तो पत्र्याच्या कामात उत्तम असला तरी शिंगलसाठी लगेच बाद करावा लागला, कारण त्याचे फुगीर डोके वर राहते, त्यावरचा शिंगल सपाट बसत नाही आणि त्या फटीतून वारा शिरतो.

दुकानात पहिले दोन्ही प्रकार ‘जीआय’ (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) याच नावाने मिळतात आणि दोन्हींच्या खोक्यावर गॅल्व्हनाइज्ड असेच लिहिलेले असते. नुसत्या शब्दावर विसंबून आमचे एक छप्पर गेले, म्हणून या वेळी खात्री करून घेण्याचा मार्ग शोधला आणि तो घरातच सापडला. द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचे बुरशीनाशक) करताना चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी आपले शेतकरी त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळे आहे असे समजून चुना वाढवतात. जस्ताच्या थराची परीक्षाही याच गुणावर चालते. आयएस 2633 या भारतीय मानकात मोरचुदाच्या द्रावणात वस्तू पुन्हा पुन्हा बुडवून जस्ताचा थर सर्वत्र सारखा आहे का, हे तपासण्याची पद्धत दिली आहे. प्रत्येक बुडीत थोडे जस्त झिजते आणि लोखंड उघडे पडताच त्यावर तांबे घट्ट चिकटून बसते.

आम्ही काचेच्या बरणीत मोरचुदाचे दाट द्रावण करून त्यात दोन्ही प्रकारचे खिळे एकेक मिनिट बुडवले, दर वेळी पाण्याखाली धुऊन फडक्याने पुसले. चकचकीत खिळा पहिल्याच बुडीनंतर दांड्यावर लालसर झाला, आणि पुसूनही तो रंग निघाला नाही. हॉट डिप खिळ्यावर प्रत्येक वेळी काळपट भुकटी जमली, पण ती पुसताच खालून राखाडी जस्त दिसे. तांब्याचा पहिला ठिपका चौथ्या बुडीनंतर टोकापाशी आला. ही घरगुती परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही आणि तिने थराची जाडी मोजता येत नाही, पण दोन खिळ्यांतला फरक इतका ढळढळीत होता की माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. मोरचूद विषारी असल्याने बरणी स्वयंपाकघरातली घेऊ नये आणि हातमोजे घालावेत.

लेपाइतकेच खिळ्याचे मापही महत्त्वाचे आहे. डोके सपाट आणि किमान साडेनऊ मिलिमीटर रुंद हवे, कारण शिंगल धरून ठेवण्याचे काम डोकेच करते. दांडा 12 गेजपेक्षा बारीक नसावा. हाताने ठोकायचे असेल तर मी 11 गेजच घेईन, कारण प्लायमध्ये गाठ लागली तरी तो वाकत नाही. गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक, हे नवख्या गिऱ्हाईकाने लक्षात ठेवावे. आमचा प्लाय 12 मिलिमीटरचा आहे आणि इतक्या पातळ प्लायमधून खिळा आरपार जाऊन खाली किमान 3 मिलिमीटर निघायला हवा, त्यामुळे सव्वा इंची लांबी योग्य ठरली. ओसरीला खालून छत नसल्याने ही टोके दिसतात. ज्यांना ते खटकेल त्यांनी 19 मिलिमीटर किंवा त्याहून जाड फळ्या घालाव्यात, पण टोके लपावीत म्हणून आखूड खिळा वापरू नये.

ठोकण्याच्या बाबतीत आमच्या मिस्त्रींचे मत माझ्याही आधी ठरले होते. खरखरीत खिळा बोटांत घसरत नाही आणि लाकूडही तो घट्ट धरते. डोके शिंगलला फक्त टेकले पाहिजे. आणखी एक घाव पडला तर कडा शिंगल कापत आत जाते आणि ती पकड कायमची गेली. उन्हाळ्याच्या दुपारी डांबर मऊ पडते तेव्हा ही चूक हमखास होते, तर थंडीत सकाळी शिंगल ताठ होऊन चिरतो. म्हणून आम्ही डिसेंबरमध्ये नऊनंतर काम सुरू केले.

हॉट डिप खिळ्यांतही दोष आहेत. शंभरांतले सहा-सात जस्ताचे गोळे चिकटलेले किंवा टोक बोथट झालेले निघाले, ते बाजूला काढावे लागले. किंमत चकचकीत खिळ्यांच्या जवळजवळ दुप्पट पडली आणि दोन दुकानांत तर हा माल मागवून घ्यावा लागेल असे सांगण्यात आले. तरीही त्यांना मी पाचपैकी साडेचार गुण देतो. चकचकीत खिळे घरातल्या, पावसापासून दूरच्या कामाला ठीक आहेत. छपरावर ते मी पुन्हा लावणार नाही.

खरेदीचा अंदाज असा : 12 बाय 36 इंची, 5 इंच उघडा राहणारा शिंगल एका ब्रासला (100 चौरस फुटांना) 80 लागतो. दर शिंगलला चार खिळे धरले तर 320 होतात आणि वाऱ्याच्या जागी सहा धरले तर 480. सव्वा इंची, 11 गेजचे साधारण 400 खिळे एका किलोत बसतात, तेव्हा सहाच्या हिशेबाने ब्रासला दीड किलो घेतले की निवडून टाकलेल्यांचीही भरपाई होते. उरलेले खिळे कोरड्या डब्यात ठेवावेत; ओलसर गोणपाटात बांधून ठेवले तर जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि थर न वापरताच झिजू लागतो.