प्रोपोलिसचे तीन अर्क, आठ महिने: टक्के नंतर, आधी झाड विचारा

घसा खवखवला की कोमट पाण्यात दहा थेंब टाकून गुळण्या, माझा प्रोपोलिसचा, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या राळ-मेणाच्या चिकट मिश्रणाचा, वापर एवढाच. आठ महिन्यांत तीन बाटल्या झाल्या. पहिली युरोपातली, तपकिरी. दुसरी ब्राझीलमधल्या मिनास जेराइसची, हिरवी. तिसरी लाल, तीही ब्राझीलची, पण ईशान्य किनाऱ्यावरच्या अलागोआसची. तिन्हींवर नाव एकच. वास घेतला तर तिघी एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नाहीत.

कारण साधं आहे. माशी राळ तयार करत नाही, झाडावरून खरवडून आणते आणि त्यात मेण कालवते. त्यामुळे झाड बदललं की अर्कच बदलला. तपकिरीतली राळ पॉपलर झाडाच्या कळ्यांवरची. तिच्यात पिनोसेंब्रिन, क्रायसिन, गॅलॅन्जिन ही फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींतल्या संयुगांचा एक गट) असतात. हिरवी येते बॅकॅरिस ड्रॅकुनक्युलिफोलिया नावाच्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांवरून, आणि तिचा मुख्य घटक आर्टेपिलिन-सी. लालमधली राळ डाल्बर्जियाची, म्हणजे शिसवीच्या भावंडाची. तिच्यात फॉर्मोनोनेटिन, व्हेस्टिटॉल अशी आयसोफ्लॅव्होनॉइड्स.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी लेबलावरचे आकडे बघून फसलो. ‘३० टक्के प्रोपोलिस’ हा आकडा बहुतेक वेळा कच्च्या मालाचा असतो, आणि कच्च्या मालात सुमारे ३० टक्के नुसतं मेणच असतं. हिरव्या बाटलीवरचा ‘एकूण फ्लॅव्होनॉइड्स’चा आकडा तपकिरीपेक्षा कमी दिसला, तेव्हा माल हलका आहे असं वाटून मी ती परत करायला निघालो होतो. पण आर्टेपिलिन-सी फ्लॅव्होनॉइड नाहीच, ते सिनॅमिक आम्लाच्या कुळातलं. त्या मोजणीत ते धरलंच जात नाही! तराजूने कापडाची लांबी मोजण्यातला प्रकार.

गुण आला का? गुळण्यांनी घशाला आराम पडतो. तो थेंबांमुळे की कोमट पाण्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्रास मात्र नक्की झाला. तपकिरी सुरू करून दोन महिने झाले आणि ओठांच्या कडेला खाज सुटली, बारीक पुरळ आलं. पॉपलरच्या राळेत कॅफिक आम्लापासून बनलेली एस्टर नावाची संयुगं असतात, आणि त्वचेची ॲलर्जी करण्याबद्दल ती बदनाम आहेत. थेंब बंद केले, आठवड्यात पुरळ गेलं. हिरवीने असं काही झालं नाही, पण म्हणून ती सगळ्यांना सोसेल असं नाही. मधमाशीच्या पदार्थांचं वावडं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

सध्या हिरवीच चालू आहे. वास उग्र, झाडपाल्याचा, पण सवय होते. लालचा किंचित बडीशेपेसारखा वास मला जास्त आवडला होता, तरी ती अर्धी पडून आहे. अर्क पाण्यात पडला की राळ फुटून पाणी गढूळ होतं आणि पेल्याला चिकट कडं बसतं. लालचं कडं सगळ्यात हट्टी. साबणाने काही होत नाही, स्पिरिटचा बोळा लागतो. मला हे तिसऱ्या पेल्यानंतर कळलं.